मुंबई महापालिकेच्या वास्तूचा शिल्पकार

रायपूरहून हावडा-मुंबई मेलने आपण मुंबईस उतरतो, तेव्हा गावाकडची गाडी गाठण्याच्या घाईत मान वर करून पाहण्यास सवड कोणाला असते? तरीही स्थानकाबाहेर येताच, समोर दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभी असलेली महापालिकेची इमारत दृष्टी खिळवून ठेवते. पाठीमागचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि समोरची ही वास्तू या दोन्हींचे आराखडे एकाच हातचे. ते हात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ साली इंग्लंडातील बाथ येथे झाला. तेथील वास्तुविशारद चार्ल्स डेव्हिस यांच्यापाशी उमेदवारी करून १८६७ साली ते सरकारी बांधकाम खात्यात रुजू झाले आणि हिंदुस्थानात आले. योगायोग असा की, आपल्या रायपूरची नगरपालिकाही त्याच वर्षीची. प्रथम पुणे व नंतर मुंबई हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. १८७६ साली पुऱ्या झालेल्या खलाशांच्या विश्रामगृहाने त्यांचे नाव झाले. तेथे आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. पुढे रेल्वे कंपनीने त्यांची सेवा मागून घेतली. युरोपातील स्थानके पाहून त्यांनी आराखडा केला आणि १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ते भव्य स्थानक उभे राहिले. या कामी सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंते त्यांच्यासमवेत होते, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये.

महापालिकेच्या इमारतीची कोनशिला १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. स्थानिक स्वराज्याचा पाया घालणाऱ्या या व्हाइसरॉयचा हात तिला लागावा, हे उचितच होते. स्पर्धेत मद्रासचे वास्तुविशारद चिझम यांचा आराखडा निवडला गेला होता. परंतु अखेरीस काम स्टीव्हन्स यांच्याकडे आले. सरकारी नोकरीची निश्चिंती सोडून ते तोवर स्वतंत्र व्यवसायात उतरले होते. त्यांनी गॉथिक कमानींना पौर्वात्य घुमटांची जोड दिली, कोपऱ्यावर दोनशे फुटांहून उंच मनोरा चढविला आणि दर्शनी भागी मुंबई नगरीची पंख असलेली मूर्ती बसविली. कंत्राटदार होते व्यंकू बाळूजी काळेवार. बांधकाम १८८९ मध्ये सुरू होऊन १८९३ मध्ये संपले.

सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या मजसारख्यास मात्र मनोऱ्याहूनही अधिक मोह पडतो तो हिशेबाचा. मंजूर अंदाज ११,८८,०८२ रुपयांचा आणि प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपयांची बचत! हा पैसा करदात्यांचा होता. सौंदर्यात उणेपणा न आणता त्यांनी तो राखला. वाढीव अंदाजपत्रकांचे प्रस्ताव हाताळताना या आकड्यांची मला अनेकदा आठवण झाली आहे.

५ मार्च १९०० रोजी हिवतापाने स्टीव्हन्स यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले; जन्मगावी परतणे झाले नाही. आपणही पोटासाठी गाव सोडून येथे आलो. जेथे राहिलो, त्या नगरीच्या पदरात आपण काय टाकले, हा प्रश्न ती वास्तू मुंबईस उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला मूकपणे विचारते. पुढच्या खेपेस क्षणभर थांबून तिच्याकडे अवश्य पाहावे.