गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव आणि पाणी वर आणणारे यंत्र

आपल्या हळ्ळीखेडच्या शिवारात सकाळी फेरफटका मारला तर दोनच विषय कानांवर पडतात. कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागले आणि कुणाची मोटार जळाली. ही जी ‘मोटार’ आपण बोअरमध्ये सोडतो, तिच्या घराण्याचा शोध घेत गेले की एका माणसापाशी येऊन थांबावे लागते. तो माणूस कानडी मुलखात जन्मला, त्याच्या घरची भाषा मराठी होती आणि नाव त्याने भारतभर कमावले. आपल्या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. या दोहोंपैकी कुठल्याही विभागात ज्यांचे चरित्र शोभावे असे हे गृहस्थ म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला चित्रांचा नाद आणि यंत्रांची ओढ. १८८५ साली त्यांनी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठले. चित्रकार व्हायचे असे ठरवून दोन वर्षे घालविली आणि मग कळले की आपल्याला सगळे रंग नीट ओळखूच येत नाहीत! होतकरू चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण रेषा त्यांच्या हातात होती. त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरले. याच विषयाचे शिक्षक म्हणून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लागले. शिकवायचे काम संपले की तेथील कार्यशाळेत जाऊन यंत्रे उघडायची, जोडायची, पुन्हा उघडायची, हा त्यांचा क्रम असे. अभियंत्याची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. आपल्यातील विज्ञान शाखेच्या मित्रांनी याचा अर्थ पदवीची गरज नाही असा मात्र घेऊ नये. त्यांनी स्वतः आपल्या मुलाला पदवीसाठी थेट अमेरिकेला धाडले, हे पुढे येईलच.

बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. मानी स्वभावाच्या लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला बंधू रामूअण्णांकडे आले. दोघा भावांचे तेथे सायकलचे दुकान होते. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्या दुकानाचे. त्यातूनच कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर यांचा उद्योग उभा राहिला.

नांगराची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर तयार होऊन पडले, पण गिऱ्हाईक फिरकेना. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली म्हणतात. दोन वर्षे! आपल्यापैकी किती जणांनी तोवर दुकानाला कुलूप लावले असते? शेतकऱ्याला हसण्यात मात्र अर्थ नाही. ज्याचे सगळे पोट चार एकरांवर अवलंबून असते तो नव्या अवजाराकडे संशयाने पाहणारच. पुढे पंपाच्या बाबतीतही हेच झाले आणि बोअरच्या मोटारीवर आजही पुष्कळांचा विश्वास नाही, तो काही उगीच नाही.

बेळगावच्या नगरपालिकेला वस्तीवाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना तेथून उठावे लागले. कष्टाने उभारलेला व्याप घेऊन जायचे कोठे? त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला. माळ म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. पाणीसुद्धा धड नाही. १० मार्च १९१० रोजी पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे उतरले. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशी जिवाला जीव देणारी माणसे बरोबर होती. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी कामावर ठेवले, इतकेच नव्हे तर रात्रीची राखण त्यांच्यावर सोपविली. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आपल्या आज्या-पणज्यांना वाचनाची गोडी लावणारे ‘किर्लोस्कर’ मासिक ते हेच.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीला अपकेंद्री पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. बापाचा हात आणि मुलाचे गणित असा तो योग होता. तोवर आपल्याकडे मोट होती. दोन बैल, नाडा, सोंदूर आणि धावेवर दिवसभर मागेपुढे चालणारा माणूस. बैल दमला की पाणी थांबले.

अपकेंद्री पंपाचे तत्त्व सोपे आहे. आतला पंखा वेगाने फिरतो आणि पाण्याला बाहेरच्या कडेकडे फेकतो. कवचात त्या वेगाचे रूपांतर दाबात होते आणि पाणी चढते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर चढण्याची उंची चौपट होते, पण त्यासाठी शक्ती आठपट लागते. पंप वरून पाणी ओढून घेतो असे आपण म्हणतो, ते खरे नव्हे. पंप फक्त नळीतला दाब कमी करतो, पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेची ताकद समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटरची. बिदर शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरपेक्षा उंच, त्यामुळे येथे ती साडेनऊच्या आसपास भरते. गळती आणि घर्षण वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. म्हणून जुन्या विहिरींत पंप काठावर न ठेवता आत कोनाडा करून खाली बसवीत. पाणी उतरले की पंपही आणखी खाली उतरवायचा. बिदरच्या बहामनी काळातील सुरंग-बावीने जमिनीच्या उताराचा उपयोग करून या साऱ्या कटकटीला बगल दिली होती, पण ती किमया प्रत्येक शिवारात कशी साधणार?

यावरचा खरा तोडगा पाण्याच्या नव्हे, तेलाच्या विहिरीत निघाला. १८९३ साली तिफ्लिस येथे जन्मलेला आर्मेनियन अभियंता आर्मेइस अरुत्युनोव्ह याने मोटारच विहिरीत उतरविण्याचा ध्यास घेतला. १९२३ साली तो अमेरिकेत गेला. मोठमोठ्या कंपन्यांनी ही कल्पना अशक्य ठरविली. अखेर १९२० च्या दशकाच्या शेवटी कॅन्ससच्या तेलक्षेत्रात त्याचा पंप चालला आणि ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल गावी ‘रेडा’ कंपनी उभी राहिली. त्याच्यापुढची अडचण पाहा. विहिरीचा पोलादी नळ वीतभर रुंदीचाच. एवढ्या अरुंद जागेत पंखा लहान करावा लागतो आणि लहान पंखा काही मीटरच उंची देतो. म्हणून एकाच दांड्यावर एकाखाली एक शेकडो पंखे बसवायचे. त्यांच्याखाली बांबूसारखी लांब, बारीक, तेलाने भरलेली मोटार. दोहोंच्या मध्ये विहिरीतला द्रव मोटारीत शिरू न देणारा भाग. शिवाय तेलातला वायू पंख्यात अडकला तर पंप नुसताच फिरत राहतो, म्हणून वायू आधी वेगळा काढायचा. मोटारीला थंडावा मिळतो तो तिच्या अंगावरून वर जाणाऱ्या द्रवाचाच.

आपल्या बोअरची मोटारही पंपाच्या खालीच असते, ती याच कारणाने. पाणी आटले की तिचा थंडावा गेला. त्यातून व्होल्टेज पडले की ती जास्त करंट ओढते आणि जळते. आणखी एक चूक पुष्कळांकडून होते. शेजाऱ्याने पंधरा पंख्यांचा घेतला म्हणून आपणही तोच घ्यायचा. पण पाणी किती खोल, उपसा सुरू झाल्यावर ते किती उतरते, पाइप किती लांब, हे मांडून मगच पंखे ठरवायचे असतात. गरजेपेक्षा जास्त उंचीचा पंप कमी उंचीवर लावला तर तो जादा पाणी फेकतो आणि मोटारीवर भार वाढवितो. भौतिकीच्या प्रात्यक्षिकात आपण आलेख काढतो ना, तसाच प्रत्येक पंपाचा एक आलेख असतो. दुकानदाराकडे तो मागितला पाहिजे. किर्लोस्करांच्या कारखान्यानेही पुढे पाण्यात बुडणारे पंप केले.

लक्ष्मणरावांच्या हयातीतच हा व्याप कानडी मुलखात परतला. १९४१ साली तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना. त्याच साली पुण्यास ऑईल इंजिनांचा. परंतु वार्धक्यात त्यांना एक घाव सोसावा लागला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविला गेला. निवडुंग तोडून उभा केलेला तो संसार, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्याची राख पाहायची! कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पंप पुन्हा बाहेर पडू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, हैदराबाद राज्यातला आपला बिदर आणि मुंबई राज्यातला त्यांचा बेळगाव हे दोन्ही जिल्हे एकाच म्हैसूर राज्यात आले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले.