वय वर्षे अठरा

आपल्या सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्यांवरून रोज कुणी ना कुणी जातंच. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले ते चौघे आपल्याला निदान नावाने तरी ठाऊक आहेत. पण त्यांच्याही 21 वर्षं आधी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेला अनंत लक्ष्मण कान्हेरे जेमतेम 18 वर्षांचा होता. म्हणजे मित्रांनो, आपल्या एफ.ई.च्या पोरांएवढा!

अनंताचं घराणं कोकणातलं, खेड तालुक्यातल्या आयनी-मेटे गावचं. शिक्षणासाठी तो औरंगाबादला आला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे तिथेच गंगाराम मारवाडी या मित्राच्या घरी तो राहू लागला. घर सोडून शिकायला आलेल्या पोराला रूम पार्टनर किती जवळचा होतो, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. या मैत्रीवर त्याने एक कादंबरीही लिहिली होती म्हणे. नाशिकच्या गुप्त मंडळींशी त्याचा संबंध आला तोही इथूनच.

1909 साल पेटलेलं होतं. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. हा खटला वर पाठवणारा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. जुलैत लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. विनायकराव सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुलं आधीच धाडली होती. त्यातलंच एक अनंताच्या हाती आलं.

आता खरी अडचण. जॅक्सन काही टिपिकल उर्मट गोरा साहेब नव्हता. संस्कृत जाणणारा, मराठी बोलणारा, नाटकांचा शौकीन माणूस! लोक त्याला पंडित म्हणत. लोककथा, रूढी, समजुती यांची टिपणं तो जमवायचा. त्यातून कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक त्याच्या मागे 1915 मध्ये निघालं. कोकण म्हणजे अनंताचाच मुलूख. मला हे वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. माणूस चांगला आणि ज्या राज्याची तो चाकरी करतो ते राज्य जुलमी, तेव्हा काय करायचं? कटवाल्यांच्या दृष्टीने त्याचं गोड बोलणंच जास्त घातक होतं. मला स्वतःला हे पुरतं पटत नाही, पण त्या दिवसांत कवितेला जन्मठेप होत होती, हेही विसरता येत नाही.

जॅक्सनला बढती मिळून मुंबईला जायचं होतं. त्याच्या निरोपासाठी 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. पुढच्या खुर्चीत अनंत बसलेला. साहेब आत आला आणि याने गोळ्या झाडल्या. पहिली चुकली, पुढच्या लागल्या. जॅक्सन जागीच गेला. नंतर स्वतःला संपवायचं असं अनंताचं ठरलेलं होतं, पण त्याआधीच लोकांनी त्याला धरलं. तो चुकला तर मारायला अण्णा कर्वे तिथेच पिस्तूल घेऊन बसले होते. ते कायद्याचे विद्यार्थी.

पुढे सगळं भराभर झालं. एकाने तोंड उघडलं, धरपकड झाली, मुंबई हायकोर्टात खटला चालला. 19 एप्रिल 1910 ला सकाळी अनंत, कर्वे आणि विनायक देशपांडे हे पंचवटीच्या शाळेतले मास्तर, तिघांना ठाण्यात फाशी दिलं. गुन्ह्यापासून फाशीपर्यंत पुरते चार महिनेही लागले नाहीत. आपल्या एका सेमिस्टरपेक्षा कमी! प्रेतंसुद्धा नातेवाईकांना दिली नाहीत. पिस्तुलं पाठवल्याबद्दल विनायकरावांना 1911 मध्ये दुसरी जन्मठेप झाली.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला आज अनंत कान्हेरेचं नाव आहे. रणजीचे सामने तिथेच होतात. आमच्या विंगमधला नाशिकचा एक जण लहानपणापासून त्या मैदानावर खेळलाय. त्याला विचारलं तर म्हणाला, कान्हेरे कोणीतरी जुना क्रिकेटर असेल असं वाटायचं.