रे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा

वरुडाकडील खेड्यांतून फिरणाऱ्या उपदेशकांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. मनुष्य घरी बसून प्रभूची प्रार्थना करितो, तर मग त्याने चारचौघांत बाप्तिस्मा घ्यावा तो कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो विचारणाऱ्याच्या पाठीशी बहुधा बायको, भाऊबंद व जात उभी असते. याच पेचात सापडलेल्या एका थोर पुरुषाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. ते कवी होते व संस्कृतात निपुण होते. आपल्या भागास जवळच्या नागपुरी ते आप्पासाहेब बुटी यांच्या पदरी राहिले. जातिभेद देवाने केलेला नव्हे असे त्यांस वाटू लागले होते, परंतु ख्रिस्ती धर्माकडे त्यांची दृष्टीही नव्हती.

१८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावास जात असता डब्यात फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड भेटले. बोलणे संस्कृत काव्यावर निघाले. उतरण्यापूर्वी साहेबांनी त्यांच्या हाती नवा करार दिला व दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांस ते बोलणे विलक्षण वाटले. तथापि वाचीन असे कबूल केले होते, म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच त्यांचे मन गुंतले.

यानंतर ते प्रार्थना करू लागले. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. विश्वास बसला होता, प्रार्थना नित्य चालली होती, तरी बाप्तिस्मा नव्हता. घरी पत्नी लक्ष्मीबाई व १८९१ साली जन्मलेला लहानगा दत्तू होता. टिळक आपले खरे नाव झाकून ख्रिस्ती पत्रात लिहीत, आणि मनातल्या मनात झुरत. आम्ही त्यांस दोष देत नाही. ज्याने घर मोडण्याची भीती पाहिली नाही, त्याने तो देऊही नये. परंतु ज्याच्याशी एकांतात हृदय उघडावे, त्याचीच ओळख लोकांत लपवावी, हे त्यांस फार दिवस सोसले नाही. प्रार्थनेनेच त्यांस पाण्यापर्यंत आणिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत पाळक रे. तुकाराम नथोजी यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. वॉर्डसाहेबांची दोन वर्षे अद्याप पुरी भरली नव्हती!

बाप्तिस्मा झाला की घरात शांती येते, असे सांगणारे उपदेशक आम्ही ऐकिले आहेत. टिळकांच्या घरी आकांत झाला. लक्ष्मीबाई मुलासह पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या, आणि पतिपत्नींची ताटातूट काही वर्षे टिकली. टिळक पत्रे लिहीत, वाट पाहत, प्रार्थना करीत. पुढे बाई अहमदनगरास आल्या, तेव्हाही आपले सोवळे व भांडी निराळी ठेवीत. टिळकांनी ते चालू दिले. बाप्तिस्म्यासाठी बळजोरी केली नाही. मग राहुरीस असता एके दिवशी जातिभेद हा माणसाचा खेळ आहे असे बाईंच्या मनाने आपणच घेतले व त्यांनी सर्वांच्या हातचे खाणेपिणे सुरू केले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांस १९०४ साली पाळकपणाची दीक्षा मिळाली. त्यांची गीते आपल्या मंडळ्यांस ठाऊकच आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त घ्यावयाचे होते. यावरून टिळक बाप्तिस्मा हलका लेखू लागले असा बोभाटा झाला. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने त्यासाठी आपला संसार पणास लाविला, त्यास त्याची किंमत कोणी शिकवावी? दाराशी अडखळलेल्यांचे दुःख मात्र त्यांस ठाऊक होते.

दरबार नीट उभा राहण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईस, त्यांस प्रभूने बोलाविले. लक्ष्मीबाई १९३६ पर्यंत जगल्या. त्या ताटातुटीची कथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आपल्या बाजूने लिहून ठेविली आहे.