रयतमाउलीची चूल

सज्जनहो, २०२० सालची आषाढी कोणाला विसरता येईल? रोगाच्या भयाने पायी वारी बंद झाली आणि संतांच्या पादुका एस.टी.त बसून पंढरीला गेल्या. मंदिरे बंद, कीर्तने बंद आणि शाळाही बंद. शाळा म्हणे फोनवर भरणार! आमच्या आजऱ्याच्या पेठेत कशीबशी रेंज मिळे. पण डोंगरातल्या वाड्यांवर ती कुठली? अशाच एका वाडीचा नववीतला एक पोरगा सकाळी चालत येऊन आमच्या ओसरीच्या कडेला बसे आणि कुणाचा तरी मागून आणलेला फोन कानाशी धरून धडे ऐके. दोन दिवस मी पाहिले. तिसऱ्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची भीती वाटली आणि त्याला येऊ नकोस म्हणून सांगितले. तो मुकाट्याने गेला. पुढे शाळा उघडल्या, पण तो परत वर्गात बसला नाही. गवंड्याच्या हाताखाली कामाला जाऊ लागला. माझी भीती खोटी नव्हती. तरी पण ते पोर उठून गेले ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हापासून एका माउलीचे चरित्र मनात घोळते आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवतो. ती माउली म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई. महाराष्ट्र त्यांना रयतमाउली म्हणतो. पण त्यांचे सांगायचे तर आधी भाऊरावांचे सांगितले पाहिजे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी. घराणे जैन, वडील पायगोंडा पाटील, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिकायला कोल्हापुरास आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. शिक्षणात फार चमकले असे नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी गेली नाही. पण त्या कोवळ्या वयात एक गोष्ट घडली. १९०८ साली कोल्हापुरात त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परत आल्यावर अंघोळ करूनच आत यावे असा बोर्डिंगाचा दंडक होता. भाऊरावांनी अंघोळ करण्याचे साफ नाकारले. त्यापायी बोर्डिंग सुटले. शाहू छत्रपतींनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले. बोर्डिंगाची शिस्त सांभाळणारे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याशी असा खटका उडाला; पण पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातल्या पुतळ्याच्या डांबर प्रकरणात त्याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करला, छळ सोसला, पण खोटे बोलले नाहीत. ज्याने बाहेर काढले त्याच्यासाठी तुरुंगात जाणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

पोटासाठी त्यांनी ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवले. या फिरतीत खेडे न् खेडे पायाखाली गेले. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जाते, पण नांगर धरणाराचे पोर अडाणीच राहते, हे त्यांना दिसले. दुधगावी मित्रांच्या साहाय्याने १९१० च्या सुमारास विद्यार्थी आश्रम निघाला होता. तेथे मुष्टिफंडाची रीत होती. घरच्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते आश्रमाने गोळा करायचे. मूठभर धान्याने कोणाचे जाते नडत नाही. पण गावच्या मुठी एकत्र झाल्या म्हणजे परक्या पोराचे पोट भरते. आपल्या दिंडीची पंगत तरी दुसऱ्या कशावर चालते?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली बिऱ्हाड आणि संस्था दोन्ही साताऱ्यास आली आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, जो येईल तो मुलगा एका पंगतीला बसणार. इथूनच लक्ष्मीबाईंची खरी परीक्षा सुरू झाली.

त्या कुंभोजच्या पाटील घराण्यातल्या, कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या. सोवळेओवळे त्यांच्या अंगात मुरलेले. आता नवऱ्याने घरात आणून बसवलेली पोरे सगळ्या जातींची. मी पाठशाळेत शास्त्र घोकलेला माणूस, म्हणून मला ठाऊक आहे की लहानपणी हाडात भिनलेली शिवाशिव व्याख्यानाने जात नाही. नवऱ्याने समाज बदलायचे ठरवले. पण चुलीपुढे बसून ते रोज निभवायचे होते लक्ष्मीबाईंना. सभेत समतेवर बोलून माणूस घरी निजायला जातो. चूल मात्र पहाटे पुन्हा पेटवावी लागते. त्या माउलीने आपले मन हळूहळू वळवले. एकदा वळवल्यावर मात्र मागे पाहिले नाही. पोटची मुले आणि बोर्डिंगातली मुले असा भेद त्यांच्या ताटात उरला नाही. कोणी तापाने फणफणला तर उशाशी बसणाऱ्या त्याच.

बोर्डिंगाला फी नव्हती, ठरलेले उत्पन्न नव्हते. भाऊराव मदत मागत गावोगाव हिंडत आणि इकडे घरात पोरांची संख्या वाढत जाई. वाढत्या वयाची खेड्यातली पोरं. त्यांची भूक काय सांगावी! कमी पडले की लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एक दागिना सोनाराकडे जाई. माहेरचे गेले, सासरचे गेले. शेवटी उरले गळ्यातले मंगळसूत्र. एके दिवशी भाऊराव परगावी असताना कोठीत दाणा उरला नाही. मुले जेवायला यायची वेळ झाली. माउलीने ते मंगळसूत्रही गळ्यातून काढून दिले, त्याच्या पैशाने धान्य आणवले आणि पंगत वाढली.

वाचकहो, इथे घटकाभर थांबू या. मंगळसूत्र म्हणजे नुसते सोने नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या धर्मभोळ्या घरातली ती बाई. नवरा जिवंत असताना ते उतरवणे म्हणजे केवढा अपशकुन! शेजारीपाजारी काय म्हणाले असतील? स्वतःच्या मनाने काय काय शंका काढल्या असतील? भिण्याजोगे होते. तरी उपाशी पोराला भीती वाढता येत नाही, हे त्या माउलीला कळले. सौभाग्याचे लेणे गेले. पण सौभाग्याचा अर्थ केवढा मोठा होऊन राहिला!

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, ते हे बोर्डिंग पाहून फार संतोषले आणि त्यांच्याच हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. लक्ष्मीबाईंना मात्र फार आयुष्य लाभले नाही. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष फोफावलेला त्यांनी पाहिला नाही; मुळाशी पाणी तेवढे घालून गेल्या.

त्यांच्यामागे भाऊरावांनी ते काम वाढवले. पोरांना फुकट खाण्याची सवय लागू नये म्हणून त्यांनी शिक्षणाला श्रमाची जोड दिली. मुले खडकाळ माळ फोडून शेती करीत, दगड वाहून इमारती बांधीत आणि त्या कमाईवर शिकत. १९३५ साली खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले, १९४० साली महाराजा सयाजीरावांच्या नावाचे मोफत हायस्कूल निघाले, १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज उभे राहिले. शाळांना थोरांची नावे दिली. आपले कोठे लावले नाही.

संकटे काही संपली नव्हती. १९४८ साली सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. हजारो मुलांचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी धावून आले ते गाडगेबाबा. हातात खराटा, अंगावर चिंध्या, आणि कीर्तनात रात्रभर एकच ध्यास, की भांडी विका पण पोरं शिकवा. त्या बैराग्याने मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. त्या ऋणाची आठवण म्हणून १९५४ साली निघालेल्या कऱ्हाडच्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे. आम्हा कीर्तनकारांनी वीणेबरोबर हेही खांद्यावर घ्यायचे असते, हे बाबांनी दाखवून दिले.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट्. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने लाखोंच्या शिक्षणाची वाट केली. आज त्यांच्या संस्थेच्या शेकडो शाळा-महाविद्यालये आहेत.

तात्पर्य काय? वाईट काळ येणारच. रोग येईल, दुष्काळ येईल, सरकारची मर्जी फिरेल. शाळेची घंटा बंद पडली म्हणजे पोर सर्वांत आधी कोणाच्या तरी दाराशी येते. ते दार उघडे असले तर त्याचे शिक्षण टिकते. मिटलेले असले तर ते पोर मजुरीला लागते. नंतर कितीही अनुदाने आली तरी ते दिवस परत येत नाहीत. भाऊरावांची कर्तबगारी थोर खरीच. पण ती उभी राहिली एका चुलीच्या आधारावर.

माझ्या घरात त्या वर्षी घनसाळ तांदळाची कणगी भरलेली होती. मंगळसूत्र काढायची पाळी माझ्यावर आली नव्हती. ओसरीचे एक टोक मोकळे करून त्या पोराला जरा लांब बसवले असते तर भागले असते. एवढेही मला सुचले नाही. आता ओसरीवर एक दिवा टांगला आहे. संध्याकाळी वाडीची चार पोरं अभ्यासाला येतात आणि जाताना भाकरी खाऊन जातात. त्याने गेलेले पोर परत येत नाही, हे मी जाणतो.

पण सज्जनहो, तुमच्याही घराला ओसरी असेल. दळणातली एक मूठ तुमच्याकडेही निघेल. पुढचे संकट येईल तेव्हा शोधाशोध नको, म्हणून आजच जागा करून ठेवा.

रामकृष्णहरि.