बटाटा, पेशी आणि कमलाबाई

आपल्या मेसमध्ये आठवड्यातून चारदा बटाटा असतो आणि आपण चारही दिवस नाक मुरडतो. पण याच बटाट्यावर काम करून एका मराठी बाईने केंब्रिजची पीएचडी मिळवली, हे मला बायोलॉजी सोडून इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं!

या कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. जन्म इंदूरचा, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही केमिस्ट, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष प्रोबेशनवर राहायचं, गाईड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं आणि इतर संशोधकांना आपला त्रास होऊ द्यायचा नाही. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं.

पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रोटीन असतं हे दाखवलं. पेशीच्या श्वसनाला ते लागतं. १९३९ साली पीएचडी झाली. प्रबंध होता फक्त ४० पानांचा. (आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची पानं मोजा!)

खरी गंमत पुढे आहे. मी बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा. आमच्या केदारेश्वराच्या मंदिरावर नको तेवढा दगड काढून मूर्ती घडवल्यात. शरीरातही तसंच होतं. गर्भात बोटं जोडलेली असतात, मधल्या पेशी ठरवून मरतात म्हणून ती सुटी होतात. याला अ‍ॅपोप्टोसिस म्हणतात. बीसीएल-२ हे जीन पेशीचं मरण अडवतं, बॅक्स ते घडवून आणतं. १९९६ साली अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या गटाने दाखवलं की मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडलं की कॅस्पेस नावाची एन्झाइम्स कामाला लागतात आणि पेशीची आतून कापाकापी करतात. म्हणजे श्वसनाचं प्रोटीनच मरणाचा निरोप देतं! कॅन्सरच्या पेशी हा निरोप चुकवतात, म्हणून त्यावर औषधं शोधली जातात.

भारतात परतल्यावर कमलाबाईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं, नीरेतल्या पोषक द्रव्यांवर काम केलं. १९९८ साली त्या गेल्या.

हे सगळं लिहायचं कारण घरचं आहे. माझी बहीण बारावीला आहे. तिला बायोकेमिस्ट्रीसाठी पुण्याला जायचंय. घरचे म्हणतात, एक वर्ष पाठवून बघू, नाही जमलं तर परत. माझे दोन विषय राहिले तेव्हा मला कुणी अशी अट घातली नव्हती. दिवाळीला गेलो की आप्पांशी बोलणार आहे.