परमुलुखातला मुक्काम

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचे मंदिर जरा लांबून पाहिले, की त्याचे दोन काळ वेगवेगळे दिसतात. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, शिल्पांनी खच्चून भरलेला, यादवकालीन. त्यावरचे शिखर चुनेगच्चीचे, उजळ, बरेच नंतरचे. या नंतरच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. अठराव्या शतकात औंढा निजामाच्या राज्यात होते आणि होळकरांचे महेश्वर नर्मदेच्या उत्तर तीरावर. औंढ्याच्या वाटेवरचा यात्रेकरू होळकरांची प्रजा नव्हता; त्याच्याकडून महेश्वरच्या खजिन्यात कवडीही येणार नव्हती. बाहेरच्या मुलखातून आलेल्या माणसाकडून राज्याने काय घ्यावे, हा प्रश्न त्या काळी प्रत्येक नाक्यावर उभा असे. अहिल्याबाईंचे आयुष्य या प्रश्नाच्या बाजूने क्वचितच पाहिले जाते.

चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात येते. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह होऊन त्या माळव्यात आल्या, म्हणजे त्या स्वतःही त्या मुलखात बाहेरच्याच. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबविले आणि कारभारात गुंतविले. स्वाऱ्यांवर असलेल्या सासऱ्यांसाठी रसद, दारूगोळा आणि पैसा यांची तजवीज करता करता त्यांनी राज्य चालविण्याचे शिक्षण घेतले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना हाताशी धरून दत्तकाचा घाट घातला. तो अहिल्याबाईंनी ठामपणे मोडून काढला आणि थोरल्या माधवरावांनी त्यांचा अधिकार मान्य केला. सैन्य तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली. ती अठ्ठावीस वर्षे टिकली, कुरबुरींसह.

दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारी एक महत्त्वाची वाट माळव्यातून जात असे. विंध्य आणि सातपुड्याच्या घाटांत भिल्लांची वस्ती होती आणि वाटसरूंना लुटणे हा त्यांतील काहींचा नेहमीचा उद्योग. अहिल्याबाईंनी सुरुवातीला कठोर उपाय योजले. काही म्होरक्यांना देहदंड झाला. हा भाग त्यांच्या चरित्रांतून पुष्कळदा वगळला जातो. परंतु त्यांचा खरा तोडगा पुढचा आहे. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पशी दस्तुरी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. हीच भिलकवडी. बदल्यात भिल्लांनी पडीक जमीन कसायची, आपापल्या हद्दीतील वाट सुरक्षित ठेवायची आणि चोरी झाल्यास माल शोधून द्यायचा. बाहेरून येणाऱ्याकडून पैसा घेतला जात होता, यात शंका नाही. मात्र तो कशासाठी घेतला आणि त्याचा जाब कोणी द्यायचा, हे ठरलेले होते.

याच काळात इतरत्र काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या तोडग्याचे मोल कळते. यात्रेकरूवर कर बसविणे हे उत्पन्नाचे सोपे साधन होते. अकबराने १५६३ मध्ये रद्द केलेला यात्राकर पुढे अनेक तीर्थांवर पुन्हा आला. प्रयागला अवधच्या नबाबाच्या अमलात तो होता, आणि जगन्नाथपुरीला तो नागपूरकर भोसल्यांच्या, म्हणजे मराठ्यांच्याच, अमलात वसूल होत असे. पुरी इंग्रजांकडे गेल्यावर १८०६ च्या नियमाने त्याला कोष्टकाचे रूप आले. वरच्या वर्गाच्या यात्रेकरूने उत्तरेकडून आल्यास १० रुपये आणि दक्षिणेकडून आल्यास ६ रुपये द्यावयाचे. ज्याने जास्त भरले त्याला तीर्थात जास्त दिवस राहता येई. माणूस कोठून आला यावरून दर आणि दरावरून मुक्काम, असा तो हिशेब १८४० पर्यंत चालला. वेरूळच्या लेण्यांपाशी २०१८ पासून भारतीयांना ४० आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांना ६०० रुपयांचे तिकीट आहे, त्याचेही मूळ सूत्र फारसे निराळे नाही. स्थानिक करदाता जागेची देखभाल करतो, मग बाहेरच्याने अधिक द्यावे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येत नाही.

अहिल्याबाईंपाशी या देखभालीसाठी वेगळी तिजोरी होती. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर दिली होती. सासूबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा पैसा लष्कराला आणि कारभाराला, तर खासगीचा दानधर्माला, अशी सीमारेषा त्यांनी राखली आणि तुकोजींच्या मोहिमांना पैसा कमी पडू लागल्यावरही ती सहजी पुसू दिली नाही. या पैशातून काशीला १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले, १७८३ मध्ये सोमनाथला आणि १७८७ मध्ये गयेला विष्णुपदाचे. यांतील एकही स्थान होळकरांच्या राज्यात नव्हते. नुसती देवळे बांधून त्या थांबल्या नाहीत. बद्रीनाथपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, विहिरी, घाट, अन्नछत्रे असा पसारा त्यांनी वाढविला आणि ती पुढे चालावीत म्हणून कायमची तरतूद केली. धर्मशाळेत उतरणाऱ्याला तू कोणत्या राजाची प्रजा, असे विचारून दर ठरविण्याची तेथे सोयच नव्हती.

मध्य भारतातील इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने त्यांच्या निधनानंतर दोन-अडीच दशकांनी माळव्यातील लोकांकडून आठवणी गोळा केल्या. त्यांत उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी नेमलेल्या माणसांचा उल्लेख येतो. नांगर थांबवून बैलांना पाणी पाजण्याची व्यवस्था होती. शेतकरी पाखरे हाकलतात म्हणून पाखरांसाठी उभी पिके विकत घेऊन राखली जात. निजाम आणि टिपू सुलतान हेही त्यांना मान देत, अशी नोंद माल्कमने केली आहे. औंढ्यासारख्या निजामी मुलखातील ठिकाणी त्यांचा हात कसा पोहोचला, त्याची थोडी कल्पना यावरून येते.

महेश्वरातही बाहेरचे लोक त्यांनी मुद्दाम वसविले. ठिकठिकाणचे विणकर आले, त्यांना आश्रय मिळाला, आणि माहेश्वरी साडी जन्माला आली. निपुत्रिक मयताची मालमत्ता सरकारजमा करण्याची रूढी त्यांनी मानली नाही. सावकार-व्यापाऱ्यांना इंदूर आपलेसे वाटू लागण्यास हेही एक कारण होते.

घरात मात्र सगळे गेले. नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने विनवून पाहिले, ते व्यर्थ ठरले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरात अहिल्याबाईंचे निधन झाले.

खासगीचा हिशेब त्यांच्याबरोबर संपला नाही. संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये या मालमत्तांसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. दूरदूरच्या राज्यांतील घाट आणि धर्मशाळा कोणाच्या, त्या विकण्याचा अधिकार कोणाला, हा वाद न्यायालयात गेला आणि ही संस्था सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.