एड कोल: अमेरिकन पोलीस गाड्यांच्या व्ही८ इंजिनामागचा माणूस

'जीटीए सॅन अँड्रियास' खेळला असाल, तर त्यातली पोलिसांची लांबरुंद गाडी आठवत असेल. दिसायला ती नव्वदच्या दशकातल्या शेव्हरोले कॅप्रिससारखी. पुढे मोठं व्ही८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आत सहा जण बसतील एवढी जागा. अशा सेडान आता बनत नाहीत, आणि त्यांची आठवण काढणारे माझ्यासारखे चाहते भरपूर आहेत. पण त्या इंजिनामागचे एड कोल फार कमी जणांना माहीत असतात.

कोल यांचा जन्म १९०९ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मार्न गावचा. जनरल मोटर्सच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकले आणि त्याच कंपनीत रुजले. कॅडिलॅकचं १९४९ चं गाजलेलं व्ही८ त्यांनी हॅरी बार यांच्यासोबत बनवलं. १९५२ मध्ये ते शेव्हरोलेचे मुख्य इंजिनिअर झाले.

तेव्हा शेव्हरोले म्हणजे सहा सिलिंडरची साधी घरगुती गाडी. स्वस्त गाडीत व्ही८ देण्याचा मान फोर्डने १९३२ मध्येच मिळवला होता. कोल यांच्या टीमने १९५५ च्या मॉडेलसाठी 'स्मॉल-ब्लॉक' व्ही८ आणलं: ४.३ लिटर, सुरुवातीला १६२ हॉर्सपॉवर. गंमत त्याच्या साधेपणात आहे. ओतकामाच्या भिंती पातळ ठेवल्या. व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर पत्रा दाबून बनवले. वरपर्यंत तेल न्यायला वेगळी नळी न टाकता पोकळ पुशरॉडच वापरले. परिणाम? दोन सिलिंडर जास्त असूनही वजन जुन्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा कमी! त्याच वर्षी पोलिसांसाठीही शेव्हरोलेचं खास पॅकेज आलं.

दोन शेजारच्या सिलिंडरच्या केंद्रांमधलं अंतर होतं ४.४ इंच. पुढे इंजिन कितीतरी बदललं, पण हा आकडा टिकला. आपल्या भाषेत सांगायचं तर आतला कोड बदलत गेला, मूळ आर्किटेक्चर तेच राहिलं. १९९४ ते ९६ च्या इंपाला एसएस आणि पोलीस कॅप्रिसमधलं ५.७ लिटरचं, २६० हॉर्सपॉवरचं एलटी१ त्याच घराण्यातलं.

सगळंच काही जमलं नाही. कोल यांची मागे इंजिन असलेली कॉर्व्हेअर सुरक्षिततेवरून बदनाम झाली. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच तिच्यावर लिहिलं.

१९६७ मध्ये कोल जनरल मोटर्सचे प्रेसिडेंट झाले, आणि मला त्यांचं सगळ्यात मोठं काम इथे दिसतं. धूर कमी करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा होता, पण पेट्रोलमधलं शिसं त्याला निकामी करतं. कोल यांनी शिसंविरहित पेट्रोलचा आग्रह धरला. त्यासाठी १९७१ पासून कंपनीने इंजिनांचं कॉम्प्रेशन घटवलं. ताकद पडली, त्यांच्या स्वतःच्या स्मॉल-ब्लॉकचीसुद्धा. १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर आले. आम्ही चाहते सत्तरच्या दशकातल्या मरगळलेल्या इंजिनांना नावं ठेवतो. पण शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं, हे त्या वेळी विसरतो.

१९७४ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे टॅक्सी बनवणाऱ्या चेकर मोटर्सची सूत्रं त्यांनी हाती घेतली. तिथल्या गाड्यांतही शेव्हरोलेचीच इंजिनं होती. २ मे १९७७ रोजी मिशिगनमधल्या कलामाझूजवळ, स्वतः चालवत असलेलं विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

१९९६ च्या अखेरीस टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात कॅप्रिस आणि इंपाला एसएस बंद झाल्या, आणि तिथे मोठ्या एसयूव्ही बनू लागल्या. सेडान गेली, स्मॉल-ब्लॉकचं घराणं मात्र त्या एसयूव्हींच्या बॉनेटखाली चालूच राहिलं.